चुगलखोर भोक

संपादकांनी विचारलं होतं, बाई असून तुम्ही या धंद्यात कशा आलात ते लिहा. ते तीन ओळींत संपतं. साताऱ्यात आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या वर्गात एकटी मुलगी होते. तिथून बाबालाल वस्तादांच्या गॅरेजात उमेदवारीला लागले आणि सतरा वर्षं राहिले. मग सांगलीत स्वतःचं दुकान टाकलं, त्याला आता अकरा वर्षं झाली. मी बाई आहे याचं लोकांना जेवढं अप्रूप असतं तेवढं पंपाला नसतं. हात कुणाचा आहे हे पंपाला कळत नाही. हात चुकला तर मात्र कळतं, कधी लगेच, कधी चार दिवसांनी. मी त्या चार दिवसांबद्दल लिहिणार आहे.

माझ्या दुकानात गाडी दुरुस्त होत नाही. फक्त कार्बोरेटर आणि इंजिनावरचे पेट्रोल-डिझेलचे पंप होतात. हौसेनं जुन्या गाड्या सांभाळणारे लोक येतात, ट्रॅक्टरवाले येतात, जतकडचे पाण्याचे टँकरवाले येतात. महाबळेश्वरचा एक हॉटेलवाला दरवर्षी पावसाळा संपला की आपल्या जीपचा कार्बोरेटर घेऊन येतो. स्ट्रॉबेरीच्या खोक्यात, गवतावर निजवून. आणि पेशंट आणल्यासारखा हळू आवाजात सांगतो, "ह्याला परत सर्दी झालीय." एक निवृत्त मास्तर होते, ते मी सोडलेला प्रत्येक स्क्रू मोजून वहीत लिहायचे. जोडून झाल्यावर एक कमी भरला. मास्तरांनी तासभर मला सुनावलं. स्क्रू त्यांच्याच वहीत, पानाची खूण म्हणून ठेवलेला सापडला. असल्या गिऱ्हाइकांवर दुसरा लेख होईल. हा लेख एका पंपाचा आहे.

ज्यांनी बोनेट कधी उघडलं नाही त्यांच्यासाठी सांगते. जुन्या गाडीत पेट्रोलची टाकी मागे असते आणि इंजिन पुढे. पेट्रोल पुढे ओढून आणायला इंजिनाच्या कुशीला एक छोटा पंप बसवलेला असतो. गावातला हापसा डोळ्यांसमोर आणा. हापशाची दांडी आपण मारतो, या पंपाची दांडी इंजिन मारतं. दांडी खाली गेली की बशीएवढा रबरी पडदा खाली ओढला जातो, वर आली की पडदा वर उचलला जातो आणि पेट्रोल पुढे जातं. या पडद्याला आम्ही डायफ्राम म्हणतो. डायफ्रामच्या वरच्या बाजूला पेट्रोल, खालच्या बाजूला इंजिनाचं तेल. दोघांनी एकमेकांचं तोंड बघायचं नसतं.

आणि या पंपाच्या अंगाला, बरोबर डायफ्रामच्या खाली, काडीपेटीतली काडी जाईल एवढं एक भोक असतं. नवशिक्याला वाटतं की कारखान्यातली काहीतरी चूक राहिली. ती चूक नसते. डायफ्राम फाटला तर त्या भोकातून पेट्रोल ठिबकतं. खालचं सील, म्हणजे तेल अडवणारी कडी, गेलं तर त्यातून तेल ठिबकतं. बाबालाल वस्ताद त्याला चुगलखोर म्हणायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला पंप हातात देऊन सांगितलं होतं, "हे भोक घरातली भानगड रस्त्यावर सांगतं. म्हणून कुणाला आवडत न्हाई. तुला आवडलं न्हाई तरी बुजवायचं न्हाई. बुजवलं तर भानगड घरातच मुरती, आणि घर जळतं."

वस्तादांशी माझं बोलणं अकरा वर्षं बंद होतं. कारण सांगते, म्हणजे पुढचं समजेल. एका गिऱ्हाइकासमोर मी त्यांचं निदान चूक आहे म्हणाले. चूकच होतं. मी बरोबर ठरले, आणि त्यानंतर त्या गॅरेजात आम्हा दोघांना जागा पुरेना. "शहाणी झालीस. जा आता," एवढंच म्हणाले. मी गेले. चुकले असते तर कदाचित राहिले असते.

आता अण्णा. सांगलीजवळच्या कृष्णाकाठच्या एका गावचे जैन शेतकरी, हळद आणि ऊस, वय ऐंशीच्या घरात. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळची काळी गाडी आहे. गाडीची कंपनी सांगत नाही. ज्यांना जुन्या गाड्या कळतात त्यांना पंपाच्या वर्णनावरून कळेल, बाकीच्यांना सांगून उपयोग नाही. अण्णा ती स्वतः चालवतात. जुन्या ड्रायव्हरांची सवय अशी, की मुक्काम आला की बोनेट उघडायचं, तेलाची पातळी दाखवणारी पट्टी काढून पुसायची, परत घालून काढायची, बघायची. अण्णा चहाला थांबले तरी हे करतात.

त्यांच्या मुलानं, महावीरनं, नवीन घर बांधलं. पोर्चला पांढरी फरशी घातली. त्या फरशीवर गाडीनं पहिल्याच दिवशी रुपयाएवढा काळा डाग पाडला. सून घासत बसली, डाग गेला नाही. गाडी हळदीच्या जुन्या शेडमध्ये गेली आणि तिथे वर्षभर उभी राहिली. अण्णा रुसले. शेवटी महावीर म्हणाला, "अण्णा, पोर्चमधी एक ठिपका दिसला न्हाई तर गाडी ऱ्हाऊ द्या. दिसला तर दिवाळीनंतर गिऱ्हाईक बघतो." पुण्याचं एक गिऱ्हाईक त्याच्या बघण्यात होतंच.

म्हणून अण्णा माझ्याकडे आले. खाली उतरताच म्हणाले, "बाई, मला पळणारी गाडी नकोय. ती पळतीयाच. मला कोरडी गाडी पायजे."

वर्षभर उभ्या गाडीचा डायफ्राम कडक झाला होता. मी पंप पूर्ण उघडला. नवा डायफ्राम, नव्या झडपा, नवी स्प्रिंग. कारखान्यातून आल्यासारखा चकचकीत केला. आठ दिवसांनी अण्णा परत. पंपाखाली तेल.

पंप इंजिनाला जिथे टेकतो तो पृष्ठभाग काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून सपाट केला, मधलं कागदी गॅस्केट नवं घातलं. सहा दिवसांनी अण्णा परत. पंपाखाली तेल.

दांडीची पिन झिजली होती. शेजारच्या लेथवाल्या टर्नरकडून किंचित जाड पिन करून बसवली. चार दिवसांनी अण्णा परत. या वेळी त्यांनी गाडीतून एक पांढरा फरशीचा तुकडा काढून माझ्या टेबलावर ठेवला. त्यावर काळा ठिपका होता. महावीरनं चाचणीसाठी तो पोर्चमध्ये गाडीखाली ठेवायला लावला होता.

मी पंपांची बाई. चाळीस किलोमीटरच्या घेरात लोक माझं नाव घेतात. आणि एक पंप मला तीनदा हसला होता. हे सांगायचं कारण पुढे येईल.

तेल तीन वाटांनी येऊ शकतं, गॅस्केटमधून, पिनेतून किंवा चुगलखोर भोकातून. सगळं खालीच ओघळतं, त्यामुळे कुठून आलं ते कळत नाही. तेव्हा मी चाचणी म्हणून भोक बुजवायचं ठरवलं. तासभर इंजिन चालवायचं, बाकी दोन वाटा कोरड्या राहिल्या तर दोष खालच्या सीलचा. चाचणीसाठी असं करतात, त्यात गैर काही नाही. बुजवायला वापरला कपड्याचा साबण. जतकडचे टँकरवाले गाडीत साबणाची वडी ठेवतात. डिझेलच्या टाकीला चीर गेली की ओला साबण घासायचा, वाळला की दगड होतो. पेट्रोलमध्ये तो विरघळत नाही. मी काडीनं साबण भोकात ठासला, वरून अंगठा फिरवला, गाडी चालू केली. अण्णांना म्हटलं, दोन तास बाजारात फिरून या.

तासाभरानं पंप खडखडीत कोरडा होता. म्हणजे दोष सीलचा. नवीन सील टर्नरनं आदल्याच दिवशी करून ठेवलं होतं, फळीवर पडलं होतं. साबण काढायचा, पंप उतरवायचा, सील घालायचं, अर्ध्या दिवसाचं काम.

तेवढ्यात बिराप्पा आला. जतकडचा टँकरवाला. टँकर मिरज रस्त्यावर बंद पडला होता, भरलेला. "ताई, चला. गावात बाया सकाळधरनं घागरी मांडून बसल्यात. आज न्हाई गेलो तर माझ्या नावानं शिमगा करत्याल." मी अवजारं घेतली आणि गेले. त्याचा डिझेलचा पंप उघडून, साफ करून, हवा काढून गाडी चालू होईपर्यंत दुपार झाली.

परत आले तर अण्णांची गाडी नव्हती. टर्नर म्हणाला, "म्हातारबा घेऊन गेले. खाली वाकून बघितलं, कोरडं दिसलं, लय खूश झाले. मी म्हटलं झाली वाटतं."

मी अण्णांना फोन लावला. आता इथे नीट लिहायला हवं. अण्णांनी फोन उचलला आणि मला बोलूच दिलं नाही. "बाई! काय हात हाय तुमचा! पोर्चमधी लावलीया. फरशीचा तुकडा खाली हाय, पांढरा फेक! महावीर चार येळा वाकून बघून गेला. तोंड असं झालंय बघा त्याचं." मागे काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, हसताना ऐकू येत होत्या.

मला म्हणायचं होतं, अण्णा, काम झालेलं नाही, गाडी परत आणा. मी म्हणाले, "पुढच्या आठवड्यात एकदा आणा. थोडं बघायचंय."

डायफ्राम नवा आहे, चार-आठ दिवस भोक बंद राहिलं तर काय बिघडतंय, असा हिशेब मी मनात केला. चौथ्यांदा हरल्याचं मला सांगायचं नव्हतं, हे त्या हिशेबाच्या खालचं कारण.

चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला फोन आला.

"बाई, अण्णा बोलतोय. अजून ठिपका न्हाई! आणि एक गंमत सांगतो. तेल कमी तर झालंच न्हाई, उलट वाढलंय. पट्टीवर दोन बोटं वर चढलंय. असलं काम मी जन्मात बघितलं न्हाई."

इंजिनातलं तेल कधी वाढत नाही. गळतं, जळतं, कमी होतं. वाढलं तर त्यात दुसरं काहीतरी मिसळतंय.

"अण्णा, कुठं आहात?"

"केळघरला. घाटाच्या पायथ्याला. म्हाबळेश्वरला निघालोय. काकू हाय संगं."

माझ्या हातातला पाना मी टेबलावर ठेवला. आठवतं, कारण तो खाली पडू नये म्हणून मी फार जपून ठेवला.

"पट्टी परत काढा. वास घ्या."

"मला चार दिस सर्दी हाय."

"मग काकूंना द्या."

काकूंचा आवाज लांबून आला. "आगं बया! ह्याला पेट्रोल पंपावरचा वास मारतोय."

"बोटावर चोळा, काकू. बुळबुळीत लागतंय का पातळ?"

"पाण्यावानी हाय की."

नवा डायफ्राम फाटला होता. हल्लीच्या पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळलेला असतो, आणि दुरुस्तीच्या किटमधल्या हलक्या रबराला तो सोसत नाही. तीनदा उघडबंद करून मी त्याचे काठही दुखावले होते. भोक उघडं असतं तर पहिल्याच दिवशी फरशीवर पेट्रोल ठिबकलं असतं आणि अण्णांनी मला शिव्या घातल्या असत्या. भोक बंद होतं. पेट्रोलला जायला एकच वाट उरली, खाली, इंजिनाच्या तेलात. पाण्यासारखं झालेलं तेल घाटात बेअरिंग धरून ठेवत नाही. इंजिन जाम होतं, आणि ते वळणावर झालं तर मागची चाकं जागच्या जागी आवळतात. शिवाय गरम इंजिनाच्या पोटात पेट्रोलची वाफ. त्याबद्दल मी तेव्हा विचार केला नाही. नंतर केला.

"अण्णा, गाडी चालू करू नका."

"आवं बाई, सकाळधरनं लोण्यावानी पळतीया. कोरडी हाय. कशाला थांबू? आता भाकरी खातो, घटकाभर पडतो, मग चढतो. आमाला अंधाराच्या आत जेवायला लागतं, वर वेळेत पोचायला पायजे."

"अण्णा, पंपाला एक भोक असतं. त्यात माझा साबण राहिलाय. त्यामुळं..."

पलीकडे काहीच आवाज नव्हता. फोनकडे बघितलं, कट झाला होता. परत लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. परत लावला. काकूंकडे फोन नाही. महावीरला लावला. तो म्हणाला, "घाटात रेंज नसती, मॅडम," आणि मग काय झालंय ते ऐकून स्वतःच अण्णांना फोन लावत राहिला.

सांगलीहून केळघरला मला तीन तास लागले असते. अण्णांची भाकरी आणि घटकाभर पडणं म्हणजे एक तास. साताऱ्याहून केळघरला मोटारसायकलवर एक तास लागतो. साताऱ्यात मला ओळखणारे आणि पंप ओळखणारे असे एकच होते.

नंबर पाठ होता. दुसऱ्या रिंगला उचलला.

"वस्ताद, सुजाता बोलतेय."

"हां."

मी सांगितलं. काळी गाडी, केळघरचं हॉटेल, दोन म्हातारी माणसं, एक तास. "पंपाचं भोक बंद राहिलंय. डायफ्राम फाटलाय. तेलात पेट्रोल जातंय."

"कुणी बंद केलं?"

"मी."

"राहिलं का ठेवलंस?"

"राहिलं," मी म्हणाले.

फोन बंद झाला. ते निघाले की नाही हे मला कळलं नाही. सत्तरीच्या पुढचा माणूस, अकरा वर्षांचा राग. मी परत लावला नाही. परत लावला असता तर त्यांनी तोच प्रश्न परत विचारला असता.

फळीवरचं सील, गॅस्केटचा कागद, तेलाचे दोन डबे आणि अवजारांची पेटी व्हॅनमध्ये टाकली. कराडपर्यंत मी दर दहा मिनिटांनी अण्णांना फोन लावला. कराडच्या पुढे लावणं बंद केलं, कारण प्रत्येक वेळी तीच बाई तेच वाक्य म्हणत होती आणि मला तिचा राग यायला लागला होता. वस्तादांचाही फोन वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. मोटारसायकलवर असतील म्हणून उचलत नसतील. किंवा गॅरेजात बसून उचलत नसतील. साताऱ्यात शिरल्यावर त्यांच्या गॅरेजावरून जाता आलं असतं, फक्त शटर बघायला. दहा मिनिटं गेली असती. गेले नाही. मेढ्याच्या रस्त्याला लागले.

केळघरच्या हॉटेलासमोर काळी गाडी नव्हती. मातीत टायरच्या खुणा होत्या. खाली वाकून बघितलं, एक थेंबही नव्हता. माझं काम चोख होतं.

हॉटेलवाला भांडी विसळत होता. "काळी गाडी? म्हातारा-म्हातारी? गेले की वर. दोन तास झाले."

"त्यांच्या मागून कुणी आलं होतं? मोटारसायकलवर? दाढीवालं?"

"आला हुता एक. त्यानं बी हेच इचारलं. च्या पण न्हाई घेतला."

वस्ताद निघाले होते, आणि उशिरा पोचले होते.

घाट मी दुसऱ्या गिअरमध्ये चढले. प्रत्येक वळणावर आधी कठड्याकडे बघायचं, मग रस्त्यावर. काळे ओरखडे आहेत का. तेल सांडलंय का. पहिलं वळण, काही नाही. दुसऱ्या वळणावर कुणाचा तरी जुना आरसा फुटलेला, तो बघून मी थांबलेच. त्यावर धूळ होती. जुना होता. तिसऱ्या वळणाच्या पुढे, डोंगराच्या बाजूला, काळी गाडी उभी होती. मागच्या चाकांना दगड लावलेले. बोनेट उघडं. गाडीच्या तोंडासमोर एक मोटारसायकल रस्त्यात आडवी.

काकू कठड्यावर बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "आलीस व्हय? ये. ह्यो बाबा आमच्या मोरं आडवाच आला. मला वाटलं लुटारू. दाढी बघून वाटलं पिऊन आलाय."

अण्णा म्हणाले, "मी आदुगर तेलाच्या दाबाच्या काट्याकडंच बघत हुतो. निम्म्यावर आला हुता. म्हटलं चढ हाय म्हणून असंल. तवर हे म्हाराज."

बाबालाल वस्ताद गाडीखाली निजले होते. दाढी आता पूर्ण पांढरी. बाहेर सरकले, माझ्याकडे बघितलं आणि बाजूचं पत्र्याचं डबडं पायानं माझ्याकडे ढकललं. त्यात इंजिनातलं तेल काढलेलं होतं. मी डबडं हलवलं. तेल डबड्यात पाण्यासारखं वाजलं.

"आणखी दोन वळणं," वस्ताद म्हणाले. एवढंच.

मग एक टोकदार पिन माझ्या हातात देऊन त्यांनी पंपाकडे बोट केलं. पंप त्यांनी उतरवून फडक्यावर ठेवला होता, उघडला होता. डायफ्रामच्या काठाला नखाएवढी चीर होती. बाकी सगळं साफ केलेलं. फक्त भोकात माझा साबण तसाच होता, पिवळट, वर माझ्या अंगठ्याची रेघ.

"तुझं तू काढ," वस्ताद म्हणाले.

अण्णा वाकून बघायला लागले. "हे काय हाय?"

"मी ह्यांना काय बी सांगितलं न्हाई," वस्ताद म्हणाले. "तुमच्या पंपवाल्या बाई सांगत्याल, म्हटलं."

मी पिन घेतली आणि साबण टोकरून काढला. टणक झाला होता, वेळ लागला. तेवढ्या वेळात मी सांगितलं. भोक कशासाठी असतं, ते का बुजवलं होतं, कधी काढायचं होतं. "परत आले तेव्हा तुम्ही गाडी नेली होती. फोनवर तुम्हाला परत बोलवायला हवं होतं. नाही बोलवलं. कोरडी दिसतेय तर दिसू दे, म्हटलं." मग वस्तादांकडे बघून म्हणाले, "राहिलं नव्हतं. ठेवलं होतं."

वस्तादांनी मान हलवली. त्यांना फोनवरच कळलं होतं.

काकू बोलल्या. "म्हंजी मी आन हे दोघं त्या साबणावर बसून घाट चढत हुतो म्हण की."

"हो, काकू."

"कुठला साबण?"

मी सांगितला. "तरीच," काकू म्हणाल्या. "फेस न्हाई येत त्याला." अण्णा हसले आणि मग पटकन हसायचे थांबले. जाऊन त्यांनी मागच्या चाकाखालचा दगड आणखी आत सारला.

मी सील बसवायला घेतलं तर वस्तादांनी थांबवलं. "सील घाल. पण सील का गेलं, बघितलंस का?" त्यांनी इंजिनाच्या वरच्या बाजूची एक नळी काढली. इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर जायची ती नळी. आत बोटभर मातीचा बोळा होता. कुंभारीण माशीचं घर. हळदीच्या शेडमध्ये वर्षभर गाडी उभी होती, तेव्हा तिनं ते बांधलं होतं. हवेला वर जायला वाट नाही, म्हणून ती दाबानं तेलाला पंपातून बाहेर ढकलत होती. मी पंप तीनदा उघडला, चौथ्यांदा उघडणार होते. दोष पंपात नव्हताच. पंपांच्या बाईला पंपाच्या पलीकडे बघायचं सुचलं नव्हतं.

वस्तादांनी बोळा हातावर घेतला. "एक भोक कुंभारणीनं बुजवलं, दुसरं तू. तिला तरी पोरं वाढवायची हुती."



वस्तादांनी आपल्या डब्यातला जुन्या साठ्यातला जाड डायफ्राम आणला होता. तो मी बसवला, दांडी पूर्ण दाबून, तेव्हाच स्क्रू आवळायचे असतात. ते उभे राहून बघत होते, मी एकोणीस वर्षांची असताना बघायचे तसे. नवं तेल घातलं, चालू केलं, गरम केलं, काढलं, परत घातलं. वस्तादांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ऐकलं. बराच वेळ ऐकलं.

"वाचली," म्हणाले. "थोडी दुखावली. पर वाचली."

ऊन उतरायला लागलं होतं. काकूंनी डबा काढला आणि अंधाराच्या आत आम्ही चौघं कठड्यावर जेवलो. सकाळच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी. वस्ताद म्हणाले, मला अंधारात दिसत नाही, मी निघतो. मोटारसायकलला किक मारल्यावर मागे न बघता म्हणाले, "साताऱ्यावरनं गेलीस तर गॅरेज उघडं असतंय."

अण्णा वर महाबळेश्वरला गेले. मी पुढचा सगळा घाट त्यांच्या मागून गेले, नजर त्यांच्या गाडीच्या पोटाखाली. वर पोचल्यावर रस्त्यावर पाठ टेकून खाली शिरले आणि बॅटरीच्या उजेडात बघितलं. भोकाच्या तोंडाशी एक थेंब जमत होता. बोटावर घेतला, वास घेतला. तेल होतं. जुनी गाडी आहे, नवं सील जागेवर बसायला दिवस लागतात.

"गळतंय व्हय?" अण्णांनी विचारलं.

"एक थेंब. राहणार थोडं."

"मग महावीर?"

"महावीरला मी सांगते," काकू म्हणाल्या. त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही. पोर्चमध्ये आता गाडीखाली काकूंची कणीक मळायची जुनी परात असते. पुण्याचं गिऱ्हाईक परत आलं नाही.

माझ्या दुकानात आता चाचणीसाठी काही बुजवलं तर गाडीच्या स्टिअरिंगला लाल फडकं बांधलं जातं आणि चावी माझ्या कमरेला राहते. फडकं असताना गाडी हलत नाही, मालक कुणीही असो. आणि त्या काळ्या गाडीत सकाळी थंड इंजिन चालू केलं की पहिली काही सेकंद तळातून एक हलकी टकटक ऐकू येते. अण्णांना ती ऐकू येत नाही, मला येते. ती माझी आहे.

महिन्याच्या पहिल्या तारखेला अण्णांचा फोन येतो. ठरलेला असतो.

"बाई, परातीत तीन थेंब."

"वास घेतला?"

"काकूनं घेतला. तेलच हाय."

"पट्टी?"

"जागेवर. वाढली न्हाई." मग, दर वेळी, "तुमी नीट हाय न्हवं?"